पुढच्या आवृत्तीची किल्ली

ओपनबीएसडीच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर एक अपग्रेड गाइड निघतं. मागच्या आवृत्तीवरून या आवृत्तीवर कसं यायचं, एवढाच त्याचा विषय. छापून काढलं तर दोन-चार पानांचा ऐवज. सहसा कुणी ते वाचत नाही. मशीनसमोर बसलेला माणूस हवी ती आज्ञा उचलतो, कन्सोलवर चिकटवतो आणि चहाला जातो. माझ्या मते हे गाइड, त्यामागे राबणारी 'सिसअपग्रेड' नावाची स्क्रिप्ट आणि तिचं मॅन पेज हे तिन्ही मिळून सावकाश वाचण्याजोगं लेखन आहे. त्यात ठाम भूमिका आहे, शब्दांची काटकसर आहे आणि वाचणाऱ्याच्या वेळेची कदर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे क्वचितच मिळालं.

आधी थोडी ओळख. युनिक्सचं कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलेलं घराणं म्हणजे बीएसडी. त्यातल्या नेटबीएसडी या प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक थिओ डी राट. तिथे त्यांचं बिनसलं, आणि १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी ही वेगळी चूल मांडली. ही सिस्टिम वापरणारे आजही मोजकेच. पण याच मंडळींनी १९९९ मध्ये आपल्या २.६ या आवृत्तीबरोबर ओपनएसएसएच बाहेर आणलं, आणि ते लिनक्समध्ये गेलं, मॅकमध्ये गेलं, शेवटी विंडोज १० मध्येही गेलं. पुण्यातल्या ऑफिसातून मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर लॉगिन करणारा माणूस बहुतेक वेळा यांचंच काम वापरत असतो. ओपनबीएसडीचं नाव त्याने ऐकलेलं असेलच असं नाही.

या प्रकल्पाचं वेळापत्रक हेच त्याच्या शैलीचं पहिलं लक्षण. वर्षाला दोन आवृत्त्या, एक एप्रिल-मेच्या सुमारास, दुसरी ऑक्टोबरच्या आसपास. एखादी सुधारणा वेळेत तयार झाली नाही तर ती पुढच्या खेपेला जाते. तिच्यासाठी गाडी थांबत नाही. आवृत्तीच्या आकड्यातही नाट्य नाही. २०२१ च्या मे महिन्यात ६.९ आली आणि ऑक्टोबरमध्ये ७.०. दुसऱ्या कुणाकडे सहाचे सात झाले असते तर केवढा गाजावाजा झाला असता! इथे ७.० ही नुसती ६.९ च्या पुढची. तेवढाच आदर, तेवढेच बदल.

पाठबळ फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना. म्हणजे कोणत्याही आवृत्तीचं आयुष्य साधारण वर्षभराचं. आणि गाइडमधली सर्वांत कडक अट अशी, की एक आवृत्ती गाळून पुढची गाठता येत नाही. तीन आवृत्त्या मागे राहिलात तर तीन वेळा अपग्रेड करायचं, क्रमाने. पहिल्यांदा ही अट वाचणाऱ्याला ती आडमुठी वाटते. पण कोकणातल्या कौलारू घरात राहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. मृगाच्या आधी दरवर्षी घर शाकारलं तर चार फुटकी कौलं बदलून काम भागतं. चार वर्षं अंगावर काढलं तर वासे उतरवावे लागतात. ओपनबीएसडीने काम छोटं ठेवण्यासाठी ते वारंवार करायला लावलं आहे. सगळं डिझाइन या एका निर्णयावर उभं आहे, आणि बाकीचं सौंदर्य त्यातून आलेलं आहे.

आता स्क्रिप्टकडे वळू. ती साध्या कॉर्न शेलमध्ये लिहिलेली, काहीशे ओळींची. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ६.६ बरोबर ती आली, पण ६.५ वापरणाऱ्यांना एका पॅचमधून आधीच पोचवली होती, म्हणजे ६.६ वर जाण्यासाठीच तिचा उपयोग व्हावा. माथ्यावर २०१९ सालाबरोबर ख्रिश्चन वाइसगेर्बर यांचं नाव आहे. मात्र त्यांच्या वर इन्स्टॉलर आणि पॅच बसवणारं 'सिसपॅच' लिहिणाऱ्या आधीच्या मंडळींची नावं तशीच ठेवली आहेत, कारण ही स्क्रिप्ट त्यांच्या कामातून उचलून पुढे नेलेली आहे. त्यापूर्वी हे काम हाताने व्हायचं. मेमरीतूनच चालणारं छोटं रॅमडिस्क कर्नल उतरवायचं, त्याची सही तपासायची, ते मुळाशी ठेवून मशीन रीबूट करायचं, बूट प्रॉम्प्टवर त्याचं नाव टाइप करायचं आणि इन्स्टॉलरने विचारलं की अपग्रेडचं 'यू' दाबायचं. अवघड काहीच नव्हतं. फक्त त्यासाठी मशीनसमोर हजर असावं लागायचं.

स्क्रिप्ट वाचताना पहिली जागा लागते ती 'अनप्रिव्ह' नावाच्या छोट्या फंक्शनची. अपग्रेड करायला रूटचे अधिकार लागतात, हे उघड आहे. पण नेटवरून फाइल उतरवायला रूट कशाला हवा? परक्या सर्व्हरशी बोलणारा प्रोग्रॅम सगळ्यात आधी फसू शकतो. म्हणून ही स्क्रिप्ट रिकामी फाइल तयार करते, तिची मालकी 'सिसपॅच' नावाच्या निष्कांचन खात्याला देते आणि डाउनलोडचं काम त्या खात्याच्या अंगाने करवून घेते. सही तपासण्याचं कामसुद्धा तसंच. हातात पूर्ण सत्ता असलेला प्रोग्रॅम धोक्याच्या क्षणी ती बाजूला काढून ठेवतो, आणि हे सगळं शेलच्या मोजक्या ओळींत. जिथे तिथे 'रूट आहे ना, मग चालव' अशा वृत्तीने लिहिलेल्या इन्स्टॉल स्क्रिप्टा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना या ओळींतली सभ्यता चटकन जाणवेल.

सहीचा कारभार तर अधिकच देखणा. २०१४ साली ५.५ या आवृत्तीत टेड उनांगस्ट यांनी लिहिलेला 'सिग्निफाय' हा प्रोग्रॅम आला. त्याआधी सह्यांसाठी जगभर जी साधनं वापरत, त्यांच्याभोवती प्रमाणपत्रं, विश्वासाची जाळी, मुदती असा मोठा पसारा असे. सिग्निफायची सार्वजनिक किल्ली ही दोन ओळींची फाइल. दुसऱ्या ओळीत छप्पन्न अक्षरं, ती खरी किल्ली. पहिली ओळ माणसासाठी लिहिलेली टीप, आणि तिची सुरुवातच अशी की ही टीप विश्वासार्ह नाही. हे मला फार आवडतं. किल्लीवर 'ही अमुक आवृत्तीची किल्ली' असं कुणीही खरडू शकतो. सही त्या मजकुराची हमी देत नाही. बहुतेक प्रोग्रॅमर हे मॅन पेजच्या तळाशी कुठेतरी नोंदवून मोकळे झाले असते. इथे ते फाइलच्या पहिल्याच शब्दांत आहे.

आणि या लेखाचं शीर्षक ज्यावरून घेतलं ती गोष्ट. प्रत्येक आवृत्ती बसवली की तिच्या किल्ल्यांच्या डिरेक्टरीत पुढच्या आवृत्तीच्या किल्ल्याही येतात. मूळ सिस्टिमची, पॅकेजेसची, फर्मवेअरची आणि पॅचेसची, अशा वेगवेगळ्या. सहा महिन्यांनंतर जे सॉफ्टवेअर जन्माला येणार, ते खरं की खोटं हे ओळखण्याचं साधन आजच तुमच्या डिस्कवर आहे. सिसअपग्रेड नव्या आवृत्तीच्या फाइलींची यादी उतरवते आणि तिची सही या आधीच आलेल्या किल्लीने पडताळते. ती जुळली तरच त्या यादीतल्या बेरजांशी (चेकसमशी) सिस्टिमच्या फाइलींचा एकेक संच ताडून पाहते. किल्ली शोधायला कुठे जावं लागत नाही, कुणा मध्यस्थावर विसंबावं लागत नाही. तुम्ही एकदा, अगदी सुरुवातीला, एका आवृत्तीवर विश्वास टाकला की पुढचा प्रत्येक दुवा मागच्याच्या हातात असतो. एकही आवृत्ती गाळू नका, या अटीचा अर्थ इथे दुसऱ्या बाजूनेही उलगडतो.

संच तपासून झाले की पुढची पायरी. इन्स्टॉलर माणसाला प्रश्न विचारतो, मग माणूस नसताना त्याने काय करायचं? सोपा मार्ग म्हणजे 'स्वयंचलित अपग्रेड' नावाचा वेगळा प्रोग्रॅम लिहायचा. मग दोन प्रोग्रॅम झाले, आणि क्वचित वापरला जाणारा हटकून कुजतो. ओपनबीएसडीने इन्स्टॉलर तोच ठेवला. सिसअपग्रेड एक छोटी उत्तरपत्रिका लिहिते: डावीकडे इन्स्टॉलरचा प्रश्न जसाच्या तसा, मग बरोबरचं चिन्ह, मग उत्तर. संच कुठे आहेत? डिस्कवर. कोणत्या डिरेक्टरीत? होमखालच्या अमुक ठिकाणी. कोणते संच? झालं. शेवटची ओळ गंमतीची आहे: या डिरेक्टरीत सह्यांची यादी नाही, तरी पुढे जायचं का? उत्तर, हो. ज्याने इतका वेळ सह्यांचा आग्रह धरला त्याने इथे 'हो' म्हणावं हे प्रथमदर्शनी खटकतं. पण संच आधीच तपासून झालेले आहेत, म्हणून यादी तिथे नाही. इन्स्टॉलरला ते माहीत नसतं, त्यामुळे तो आपलं कर्तव्य म्हणून विचारतो, आणि त्याला रीतसर उत्तर मिळतं. प्रश्न दाबून टाकलेला नाही. तो विचारलाही जातो आणि लॉगमध्ये दिसतोही.

माझी सर्वांत आवडती जागा याच्या पुढची. तोवर चालू सिस्टिममधला एकही प्रोग्रॅम बदललेला नाही. आता स्क्रिप्ट रॅमडिस्कचं कर्नल 'बीएसडी-डॉट-अपग्रेड' या नावाने मुळाशी ठेवते आणि मशीन रीबूट करते. बूट लोडरला एवढंच शिकवलेलं आहे: नेहमीचं कर्नल उचलण्याआधी या नावाची फाइल आहे का पाहा, असेल आणि तिच्यावर एक्झिक्यूट परवानगी असेल तर तीच चालव. पण चालवण्याआधी तो त्या फाइलवरची एक्झिक्यूट परवानगी काढून टाकतो. म्हणजे अपग्रेड सुरू होताच कोलमडलं, वीज गेली, डिस्क अडखळली, तर पुढच्या वेळी बूट लोडरला फाइल दिसेल पण परवानगी दिसणार नाही, आणि तो नेहमीच्या कर्नलकडे वळेल. अपग्रेड, रीबूट, पुन्हा अपग्रेड, पुन्हा रीबूट या चक्रात मशीन अडकत नाही.

यासाठी वेगळा डेटाबेस नाही, खुणेची फाइल नाही, डिस्कच्या कोपऱ्यात राखीव जागा नाही. युनिक्समध्ये पन्नासेक वर्षं असलेला परवानगीचा एक बिट आणि त्याचा एकदाच होणारा खर्च. एखाद्या शायराने दोन ओळींत सगळं बसवावं आणि दाद देणाऱ्याचा हात आपसूक वर जावा, अशी ही जागा आहे. फरक इतकाच की इथे दाद द्यायला सहसा कुणी नसतं, कारण सगळं सुरळीत झालं तर हे घडल्याचं कळतही नाही.

रॅमडिस्कच का, हेही सांगायला हवं. ओपनबीएसडीत कर्नल आणि वरचे मूळ प्रोग्रॅम हे एकाच झाडातले, एकाच वेळी बांधलेले. जुन्या कर्नलवर नवे प्रोग्रॅम किंवा उलट, असं मिश्रण चालेलच अशी हमी कुणी देत नाही. लिनक्स कर्नलच्या जगात नेमका उलटा दंडक आहे: कर्नल बदललं तरी आधीचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, आणि लायनस टोरव्हाल्ड्स तो किती कडाडून पाळायला लावतात हे जगजाहीर आहे. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत. ओपनबीएसडीने बदलाचं स्वातंत्र्य घेतलं आणि त्याची किंमत म्हणून सगळं एका दमात, डिस्कबाहेर उभं राहून बदलण्याची शिस्त पत्करली.

मशीन नव्या आवृत्तीत उठतं तेव्हा निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत कर्नलचे संदेश धावतात आणि एक स्क्रिप्ट फक्त त्या एका वेळेपुरती चालते. फर्मवेअर अद्ययावत करते, नवे पॅच आले आहेत का ते पाहते, आणि 'सिसमर्ज' चालवते. जे घडलं त्याचा अहवाल रूटला मेलने येतो. आजही मेलनेच.

सिसमर्ज आन्त्वान जाकुतो यांचं काम, आणि कॉन्फिग फाइलींचा जुना तंटा ते सोडवतं. एखादी फाइल तुम्ही बदलली आहे, आणि नव्या आवृत्तीतही ती बदलली आहे. कुणाची ठेवायची? मागच्या आवृत्तीने दिलेल्या फाइलींच्या बेरजा सिसमर्जकडे असतात. तुमची फाइल त्या बेरजेशी जुळली, म्हणजे तुम्ही तिला हात लावलेला नाही. तिथे न विचारता नवी फाइल बसते. जुळली नाही तर फरक दाखवून विचारणा होते: नवी टाकून द्यायची, बसवायची, की ओळीओळीने जुळवायची? आणि काहीच न बोलता नुसतं एंटर दाबलं तर? काहीच होत नाही. फाइल बाजूला राहते, तुम्ही सवडीने पाहायचं. शंका असेल तिथे हात न लावणं हे त्याचं गृहीत उत्तर. आपल्या फोनवरची अपडेटं ज्या घाईने 'हो' हेच गृहीत धरतात, ते आठवून पाहा.

शिवाय या तंट्याची वेळच कमी यावी अशी तजवीज आधीपासून आहे. सेवा चालू-बंद करण्याची मूळ यादी एका फाइलीत, तिला हात लावायचा नाही. तुमचे बदल 'लोकल' शेपटीच्या वेगळ्या फाइलीत. नमुन्याच्या कॉन्फिग फाइली 'एक्झाम्पल्स' नावाच्या डिरेक्टरीत स्वतंत्र. तुमचं आणि त्यांचं एकमेकांत मिसळतच नाही, मग वेगळं काढायची पाळी कुठून येणार?

गाइडचा मजकूर आता पाहू. त्याची गद्यशैली कोरडी आहे आणि मला ती तशीच हवी. अभिनंदन नाही, 'आम्ही उत्साहाने सादर करत आहोत' नाही. आधी काय तपासायचं, 'यूएसआर' पार्टिशनमध्ये पुरेशी जागा आहे ना ते पाहा, मग आज्ञा. त्यानंतर कॉन्फिगचे आणि वाक्यरचनेचे बदल. हा भाग खरा वाचण्यासारखा, कारण सिस्टिमने स्वतःचं काय मोडलं याची ती जाहीर कबुली असते.

२०१० मधल्या ४.७ चं उदाहरण घ्या. पीएफ ही ओपनबीएसडीची फायरवॉल. तिच्या नियमांमध्ये पत्ता बदलण्याचे, म्हणजे 'नॅट'चे नियम तोवर वेगळ्या जातीचे होते: वेगळा विभाग, बाण काढून लिहिलेली वेगळी रचना. ४.७ मध्ये ते सगळं मोडून पत्ता बदलणं हा साध्या नियमाच्या शेपटीला लावायचा एक शब्द झाला. व्याकरण सोपं झालं, यात वाद नाही. पण जगभरातल्या असंख्य फायरवॉलच्या फाइली एका रात्रीत जुन्या झाल्या. गाइडने त्यावर मखलाशी केली नाही. जुना नियम असा होता, नवा असा लिहा, अशी उदाहरणं समोर ठेवली आणि काम संपवलं. बीएसडी घराण्यातल्याच फ्रीबीएसडीने पीएफ ओपनबीएसडीकडूनच घेतलं होतं. ते पुढे दीर्घकाळ जुन्याच व्याकरणावर राहिलं. त्यामुळे दोन्ही सिस्टिमा सांभाळणाऱ्याला आजही नियम लिहिताना क्षणभर थांबावं लागतं, आपण नक्की कुठे आहोत ते आठवायला.

याहून मोठी उडी २०१४ च्या मे महिन्यातली, ५.५ ची. युनिक्स वेळ मोजतं १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत ठेवला तर १९ जानेवारी २०३८ रोजी तो उलटतो आणि घड्याळ १९०१ मध्ये जाऊन पडतं. फिलिप गुंथर आणि सहकाऱ्यांनी ओपनबीएसडीच्या सगळ्या प्लॅटफॉर्मवर, जुन्या ३२ बिट मशीनांसकट, वेळ ६४ बिट केली. कर्नल, लायब्रऱ्या, शेकडो प्रोग्रॅम, हजारो पॅकेजेस, सगळ्यांना त्याचा स्पर्श. जुने प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालणार नव्हते. सोर्समधून बांधत बांधत पलीकडे जाण्याची वाटही बंद होती. इन्स्टॉलरने उडी मारायची आणि सगळी पॅकेजेस नव्याने घ्यायची. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या ३२ बिट आर्किटेक्चरांवर हेच स्थित्यंतर २०२४ मध्ये केलं, आणि जुने बायनरी प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून इंटेलच्या जुन्या ३२ बिट शाखेला त्यातून वगळलं. डेबियनच्या वापरकर्त्यांची गरज वेगळी, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण दहा वर्षांचं अंतर कुठून आलं? ओपनबीएसडीच्या माणसांना दर सहा महिन्यांनी सगळं बदलायची सवय होती. एवढी मोठी गोष्टही त्याच नेहमीच्या वाटेने गेली. गाइडला थोडा जास्त मजकूर लागला इतकंच.

गाइडमधलं आणखी एक प्रकरण: काढून टाकायच्या फाइली. नव्या आवृत्तीत ज्यांचं काम उरलं नाही त्यांची यादी, 'आरएम'च्या आज्ञांसकट. या सिस्टिमचा इतिहास निम्मा तरी वजाबाकीचा आहे. ५.७ ला कर्नलमध्ये बाहेरून मॉड्यूल जोडण्याची सोय गेली. ५.८ ला 'सुडो' मूळ सिस्टिममधून पॅकेजमध्ये गेलं आणि त्याच्या जागी उनांगस्ट यांनीच लिहिलेलं, एका ओळीच्या कॉन्फिगवर चालू शकणारं 'डूॲज' आलं. ६.० ला लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याचा थर गेला. व्हॅक्स या पुराणपुरुष मशीनचा आधारही ५.९ नंतर संपला. प्रत्येक वजाबाकीत कुणाचं तरी काम अडलं असणार. पण जे ठेवलं आहे ते कुणीतरी वाचतं, तपासतं, हे त्यामुळेच शक्य होतं. कुणी न वाचलेला कोड जपून ठेवणं म्हणजे अडगळ जपणं, आणि हल्लेखोराला अडगळ फार आवडते.

दोन आवृत्त्यांच्या मधल्या दुरुस्त्यांचा कारभार थोडक्यात उरकतो. त्यांची यादी प्रत्येक आवृत्तीला ००१ पासून सुरू होते आणि तिच्यात मुख्यतः दोनच जाती: सुरक्षेची दुरुस्ती आणि भरवशाची दुरुस्ती. नवी सोय यात कधी घुसवत नाहीत. २०१७ मधल्या ६.१ पासून 'सिसपॅच' ही आज्ञा त्या तयार स्वरूपात बसवते. तीही जाकुतो यांचीच.

इथे एक गमतीशीर गुंता आहे, आणि त्यावर मी बराच वेळ घालवला आहे. ६.२ पासून प्रत्येक मशीन बूट झालं की मागे शांतपणे आपलं कर्नल नव्याने जोडतं, आतले तुकडे यादृच्छिक क्रमाने लावून, पुढच्या बूटसाठी. जगातल्या कोणत्याही दोन ओपनबीएसडी मशीनांचं कर्नल आतून सारखं नसतं, त्यामुळे एका मशीनवर शोधलेला पत्ता हल्लेखोराला दुसऱ्यावर उपयोगी पडत नाही. मग कर्नलची दुरुस्ती पाठवायची कशी? पूर्ण कर्नल पाठवलं तर सगळ्यांचं सारखं होईल. म्हणून पॅचमध्ये बदललेल्या भागाचे जोडणीपूर्वीचे तुकडे येतात आणि जोडणी तुमच्याच मशीनवर, तुमच्याच क्रमाने होते. दुरुस्ती सगळ्यांना एकच, पण फळ प्रत्येकाचं वेगळं.

रूटच्या मेलबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. रोज रात्री सिस्टिम स्वतःची झडती घेते: कोणत्या प्रोग्रॅमला जास्त अधिकार मिळाले, पासवर्डच्या फाइलीत काय हललं, 'इटीसी'मधल्या कोणत्या फाइलीत कोणती ओळ बदलली. फरक असेल तरच 'डेली इनसिक्युरिटी आउटपुट' अशा मथळ्याची मेल येते. नसेल तर काही येत नाही. अपग्रेडनंतरच्या सकाळी ही मेल सर्वांत लांबलचक असते, कारण सगळंच बदललेलं असतं. ती वाचून काढावी. अपग्रेडने नेमकं काय केलं याचा तिच्याइतका तटस्थ साक्षीदार नाही. तिला अपग्रेड झालं हेही माहीत नसतं, तिला फक्त कालचं आणि आजचं दिसतं.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव म्हणजे परतीची वाट नाही. सिसपॅच शेवटचा पॅच मागे घेऊ शकतं, सिसअपग्रेड मात्र मागे फिरत नाही. फ्रीबीएसडीवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर अपग्रेडआधी अख्ख्या सिस्टिमचं छायाचित्र काढून ठेवता येतं आणि बिघडलं तर बूट करताना जुनं वातावरण निवडता येतं. सोलारिसच्या घराण्यात ही सोय त्याहून आधीची. ओपनबीएसडीची फाइल सिस्टिम जुनी आणि साधी, तिच्यात हे बसत नाही. प्रकल्पातली मंडळी 'बॅकअप घ्या' म्हणतील. ते खरंच आहे, पण रात्री अकरा वाजता बंद पडलेल्या मशीनपुढे ते उत्तर तोकडं पडतं. दुसरं, सगळी सफाई मूळ सिस्टिमपुरती. पॅकेजेस नंतर वेगळ्या आज्ञेने अद्ययावत करायची, आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलत असेल तर आधी डेटा बाहेर काढून ठेवणं हे तुमचं काम. तिसरं, वर्षभराचं आयुष्य. ज्या हॉस्पिटलच्या किंवा कारखान्याच्या यंत्रावर बदल करायला सहा सह्या लागतात, तिथे ही सिस्टिम नेऊ नये. दहा-दहा वर्षं पाठबळ देणारी लिनक्सची वितरणं आहेत, आणि अशा जागी तीच योग्य आहेत.

तरीही एकट्यादुकट्या माणसाने सांभाळायच्या फायरवॉलसाठी, मेल सर्व्हरसाठी किंवा घरच्या राउटरसाठी मी ओपनबीएसडीच निवडेन, आणि त्याचं कारण सुरक्षेचा लौकिक हे नाही. ही सिस्टिम सांभाळताना काय चाललं आहे ते कळतं. प्रत्येक पायरी उघडून वाचता येते, आणि वाचली की समजते.

घरी जुना, चौसष्ट बिटांचा लॅपटॉप पडून असेल तर हे करून पाहा. चालू आवृत्ती टाका. पहिल्या बूटनंतर 'आफ्टरबूट' नावाचं मॅन पेज वाचा आणि रूटला आलेली मेल उघडा. सिसअपग्रेडची स्क्रिप्ट एडिटरमध्ये उघडून एकदा वरपासून खालपर्यंत वाचा, संध्याकाळ पुरेल. पुढची आवृत्ती आली की आधी गाइड, मग बॅकअप, मग आज्ञा, याच क्रमाने. आणि एका आवृत्तीपेक्षा जास्त मागे पडू नका.